लग्नाचा कॅमेरा आणि बर्फाचा समुद्र

परत आल्यापासून जो भेटतो तो पहिल्यांदा थंडीचं विचारतो. थंडी होती, सांगते पुढं. पण उत्तर ध्रुवाच्या अंगाला बोटीनं जायचं आणि तिथं माहितीपट करायचा, ह्यातला निम्मा प्रवास कोल्हापूर जिल्ह्यातच झाला. तो गाळून थेट बर्फ दाखवला तर तुम्हाला वाटेल, ही बाई विमानात बसली आणि पोचली. तसं झालेलं नाही.

मी सुरेखा. मूळची कोडोलीची. आई-वडील दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, आणि हे मी दर ठिकाणी सांगते, कारण ते मला कुणी बसल्या जागी दिलेलं नाही. पुढं पत्रकारितेचा डिप्लोमा केला, नोकरी मिळाली नाही, म्हणून कॅमेरा घेऊन लग्नाच्या शूटिंगचा धंदा धरला. वरातीच्या पुढं उलटं चालत, खड्डे चुकवत, कॅमेरा न हलवता शूट करायला मी त्या धंद्यात शिकले.

मंदी यायच्या आधीच्या वर्षी मुंबईत माहितीपटांचा एक महोत्सव होता. तिथं मारित भेटली. नॉर्वेची, साठीची, हाडापेरानं मजबूत बाई. तिची जुनी मासेमारीची बोट आहे. उन्हाळ्यात ती पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांना घेऊन उत्तरेच्या बेटांवर जाते. मी तिला विचारलं, "तिथं काही पिकत नाही म्हणता, मग माणसं राहतात कशी?" ती म्हणाली, "येऊन बघ. एक जागा आहे." मला माझा माहितीपट तिथंच सापडला. रानात राबणाऱ्यांची पोरगी, जिथं रानच नाही तिथं माणसं कशी जगतात ते बघायला जाते. मारितच्या अटी साध्या होत्या. डिझेल आणि जेवणाचा वाटा भरायचा, बोटीवर सगळ्यांसारखं काम करायचं, आणि कॅमेरा आपला आपण आणायचा. मोडला तर तिकडं दुकान नाही.

विमानाचं भाडं दिल्लीच्या एका संस्थेनं मंजूर केलं. राहिला बोटीचा वाटा.

कागल

माझा नवरा मिलिंद कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या मशीन शॉपला आहे. तिथल्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, दिवाळीत मिठाई वाटताना मला शब्द दिला होता की बोटीचा वाटा आमच्याकडून. मग परदेशातल्या ऑर्डरी थांबल्या. मी उन्हाळ्याच्या तोंडाला भेटायला गेले तेव्हा यार्डात तयार माल गंजत पडला होता आणि एका भट्टीचं तोंड पत्र्यानं झाकलं होतं.

"या ताई. आधी चा घ्या," साहेब म्हणाले. चहा आला. मग म्हणाले, "मी शब्द दिलता, न्हाई म्हणत न्हाई. पण पोरांना आता आठवड्यातनं चारच दिवस बोलावतोय. असल्यात सिनेमाला पैसं दिलं तर त्यांच्या तोंडाकडं कसं बघू, सांगा?"

त्या पोरांत माझा नवरा होता.

"बरोबर हाय, साहेब."

"रागावला न्हाईसा न्हवं?"

"राग आलाय. पण तुमच्यावर न्हाई."

ते हसले. "पैसं सोडून काय बी मागा," म्हणाले. मी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग एक थंड जागा द्या." साहेबांच्या मित्राचं लोणी आणि आइस्क्रीम साठवायचं शीतगृह होतं. त्यांनी माझ्यादेखत फोन लावला.

बाहेर मिलिंद उभा होता. "काय म्हणलं?"

"चा दिला."

"तुला तरी दिला. आमचा चा बंद केलाय गेल्या म्हैन्यापास्नं."

लोण्याची खोली

थंडीत कॅमेरा चालतो का, हे बघायचं होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि आम्ही दोघं स्वेटर, कानटोपी, त्यावर मिलिंदच्या कामावरचं जाड जाकीट, अशा अवतारात शीतगृहाच्या दारात. तिथले कामगार बिड्या टाकून बघायला आले.

"पावणं, आत लगीन हाय काय?" एकानं विचारलं.

"व्हय, लोण्याचं," मिलिंद म्हणाला.

आत चारी बाजूंना लोण्याची खोकी, पुठ्ठ्यावर बर्फाची पिठी साठलेली. श्वास घेतला की नाकातले केस ताठ व्हायचे. मी मिलिंदला खोक्यांच्या मधनं चालायला लावलं आणि शूट करत राहिले. बॅटरी जरा लवकर उतरली, ती मिलिंदनं काखेत धरून गरम केली. कॅमेरा तक्रार न करता चालला. आम्ही बाहेर आलो ते जिंकून आल्यासारखे.

बाहेर आल्या आल्या कॅमेऱ्यावर पाणी फुटलं. थंड ताकाच्या तांब्याला सुटतं तसं, काचेवर, बटणांवर, कॅसेटच्या खाचेत. आम्ही हसलो. मिलिंदनं गळ्यातल्या टॉवेलनं वरवर पुसलं, आणि मला काय शूट झालंय ते बघायची घाई. मी चालू केला. आतनं चर्र असा आवाज आला, कॅसेट अडकली, फीत आत गुंडाळली गेली, आणि जळका वास आला.

दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून नुसती मान हलवली. आत सगळं भिजून शॉर्ट झालं होतं. थंडीत तास दोन तास टिकलेला कॅमेरा आमच्या उन्हानं मेला. मारितला मी मेल करून विचारलं की तुम्ही काय करता. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: "आम्ही कॅमेरा आत आणत नाही, आणायचाच तर पिशवीत हवाबंद करून, आणि मग वाट बघतो."

त्या कॅमेऱ्यावर माझं घर चालत होतं.

मुंबईचा फोन

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका वाहिनीतनं फोन आला. बाई बोलायला फार गोड होत्या. माझी कल्पना त्यांना कुणीतरी सांगितली होती. त्या कॅमेरा देणार होत्या, बोटीचा वाटा देणार होत्या, वर मानधन.

"तुम्ही फक्त शूट करून कॅसेट आम्हाला द्यायच्या. निवेदन आमची निवेदिका इथं स्टुडिओत करेल. दिग्दर्शन आमच्याकडून दाखवू. तुमचं नाव छायाचित्रणात येईलच."

"निवेदन मी करतो की," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी आलो' असंच बोलतात. लिहिताना मी सुधारून लिहिते, बोलताना कोण सुधारतंय.

पलीकडं जरा हसल्याचा आवाज आला. "ऐकायला छान वाटतं हो तुमचं. पण उत्तर ध्रुवावरचा माहितीपट आहे, त्याला जरा स्वच्छ भाषा लागते."

विचार करून सांगतो, म्हणून मी फोन ठेवला. मिलिंद भाकरी मोडत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"जा की," तो म्हणाला. "जाणं महत्त्वाचं."

"आनि माझा सिनेमा?"

"तुझाच असंल. तुला ठाऊक असंल न्हवं तुझा हाय म्हणून."

"मला ठाऊक असून काय करू? लोकांच्या लग्नात तेच की. सगळी कॅसेट मी काढायची आनि त्यात मी कुठंच न्हाई."

मिलिंदनं माझं ताट पुढं सरकवलं. दोन दिवस मी स्वतःला समजावून बघितलं. कॅमेरा नाही, पैसा नाही, आणि वर हट्ट. तिसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा अशी संधी येत नाही." मी म्हणाले, "नगं येऊ दे."

शाहूपुरी

बापू पाटील हे शाहूपुरीतले जुने शूटिंगवाले. धंद्यातले माझे कट्टर स्पर्धक. मी नवी असताना 'बाई काय कॅमेरा उचलणार' म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचे. त्यांच्याकडं नवाकोरा कॅमेरा होता. मी भाड्यानं मागायला गेले.

"भाड्यानं?" त्यांचा आवाज असा की समोरच्या दुकानातलं माणूस वळून बघतं. "कुठली मोठी ऑर्डर धरलीसा? खरं सांगा की!"

"उत्तर ध्रुवाच्या अंगाला जायचंय."

"तितं कुणाचं लगीन हाय?"

सगळं सांगितलं. ते पेन कानात घालून ऐकत राहिले. कॅमेऱ्याचं नाव काढलं की नाही म्हणून मान हलवायचे. माझं लक्ष त्यांच्या मागच्या कॅलेंडरवर गेलं. मुहूर्तांना लाल गोल केलेले. आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यानंतर पानं कोरी.

"बापू, एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापतोर तुमचा कॅमेरा काय करतोय?"

"कपाटात झोपतोय. मुहूर्तच न्हाईत तर कुणाला शूट करू? चार म्हैनं आम्ही हितं माश्या मारतोय."

"बोट आषाढात सुटती. भाद्रपदात परत."

बापूंनी कानातलं पेन काढलं. मागं वळून कॅलेंडर बघितलं, मग माझ्याकडं. "म्हंजे तिकडचं बर्फ आमचं मुहूर्त संपल्यावर फुटतंय."

"तसंच म्हणा."

"पर तुम्ही बऱ्या ह्या टायमाला मोकळ्या. पावसाळ्यात तर तुमचाच धंदा जोरात असतोय. ते कसं, ते मला आजून कळलं न्हाई."

हे मात्र खरं होतं. आमची बौद्धांची लग्नं मुहूर्त बघत नाहीत. रविवार बघतात, सुट्टी बघतात, आणि पावसाळ्यात हॉल निम्म्या भाड्यात मिळतो ते बघतात. सगळे शूटिंगवाले हात बांधून बसलेले असताना माझी डायरी भरलेली असायची. ती मी बापूंसमोर ठेवली.

"कॅमेरा मला द्या. पावसाळ्याची सगळी बुकिंगं तुम्हाला. लोकांना मी सांगतो, बापू आलं म्हंजे मीच आलो समजा."

बापू पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "मी कधी गेलो न्हाई तसा तुमच्यातल्या लग्नात. म्हंजे कुणी बोलावलं न्हाई."

"तुम्ही बोलवायची वाट बघत होता व्हय?"

ते हसले, पण डोळे डायरीवरच. "जेवायला थांबावं लागंल?"

"थांबावंच लागंल. आनि जो न जेवता जातोय त्याला परत कोण बोलवत न्हाई."

"मग थांबतो की! शूटिंगवाला जेवणाला न्हाई म्हणतोय व्हय!" आवाज पुन्हा मूळ पट्टीत गेला.

एक दुपार मी त्यांना आमचं लग्न शिकवलं. अंतरपाट शोधत बसू नका, मंगलाष्टकांची वाट बघू नका. बुद्धवंदना चालू असताना लाईट तोंडावर मारायचा नाही, मध्ये घुसून 'इकडं बघा' म्हणायचं नाही. पंचशील उभं राहून होतं तेव्हा तुम्हीही उभे राहा. अक्षता नसतात, फुलं असतात. बापू पंचवीस वर्षांचे मुरलेले शूटिंगवाले, पण नव्या पोरासारखे ऐकत होते.

बोटीच्या वाट्याचाही प्रश्न त्यांनीच सोडवला. कोल्हापुरातल्या शूटिंगवाल्यांची एक भिशी होती. महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी निघेल त्यानं उचलायचे. चिठ्ठी न काढता ह्या खेपेची भिशी मला द्यायची, असं बापूंनी बैठकीत मांडलं.

"आनि बाईनं बुडवली तर?" एकजण म्हणाला.

"बुडाली तर बोटीसकट बुडंल," बापू म्हणाले. "मग कुणाकडनं मागायची तेवढं आत्ताच ठरवा."

हसण्यात ठराव पास झाला. कॅमेऱ्याबरोबर बापूंनी त्याचं मेणकापडाचं आवरणही दिलं. मिरवणुकीत गुलाल आत जाऊ नये म्हणून त्यांनी ते स्वतः शिवून घेतलेलं. वर्षानुवर्षांच्या गुलालानं ते बाहेरनं गुलाबी झालं होतं.

कोडोली

निरोप घ्यायला गेले तर आई बोलायलाच तयार नाही. श्रावणात माझ्या भाचीचं लग्न होतं. ते बुकिंगही बापूंच्या डायरीत गेलेलं.

"घरचं लगीन परक्याच्या हातात दिलंस," आई म्हणाली. "सगळ्या गावाची लग्नं काढलीस, आनि पोरीच्या वक्ताला बर्फ बघाय निघालीस."

"आये, बोट आपल्यासाठी थांबत न्हाई."

"आनि पोरगी थांबती व्हय?"

मी पिशवी उचलली. आईनं निघताना कांदा-लसणीच्या चटणीची बरणी हातात दिली, पण 'जपून जा' म्हणाली नाही. एस.टी. वळणावर गेली तरी ती दारातच पाठमोरी उभी होती.

त्रोम्सो

मुंबई, ओस्लो आणि मग त्रोम्सो. विमानांचं सांगण्यासारखं काही नाही. त्रोम्सो हे नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचं, डोंगरांच्या मध्ये पाण्यावर वसलेलं नीटनेटकं गाव आहे. जुलैत तिथं सूर्य मावळत नाही. आकाशात एका बाजूनं दुसऱ्या बाजूला घिरट्या घालतो, आणि लोक खिडक्यांना काळे पडदे लावून झोपतात.

मारित धक्क्यावर रंगाचा डबा घेऊन बोटीची कड रंगवत होती. माझ्या बॅगेपेक्षा तिनं आधी गुलाबी मेणकापडाकडं बघितलं.

"हा रंग कसला?"

"मिरवणुकांचा."

"कसली मिरवणूक?"

"सगळ्या प्रकारच्या," मी म्हणाले. एवढंच इंग्रजी त्या वेळी सुचलं.

बोटीवर मारित, तिचा इंजिन बघणारा भाऊ, पक्ष्यांचा अभ्यास करणारे दोघं आणि मी. भांडी घासायची पाळी सगळ्यांची, मालकिणीचीही. पहिल्याच दिवशी मारित भांडी घासताना दिसली तेव्हा मी सवयीनं उठून हात पुढं केला. तिनं मला ढकलून खाली बसवलं. "तुझी पाळी उद्या." आमच्यात पाहुणी बसून आणि घरची मालकीण घासतेय, असं चित्र मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मला बसवेना.

जेवणात उकडलेला मासा, उकडलेले बटाटे आणि तपकिरी रंगाचं चीज. ते चीज चवीला गोड, जरा लागलेल्या खव्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी चटणीची बरणी काढली. मारितनं जाम लावावा तशी चटणी बटाट्याला लावली. चेहरा लाल झाला, डोळ्यांतनं पाणी आलं, पाणी प्याली, आणि परत बरणीकडं हात नेला.

मोकळा समुद्र

जमीन दिसेनाशी झाली आणि मी आडवी झाले. समुद्र लागणं म्हणजे काय हे सांगून कळत नाही. पोटात काही उरलेलं नसतं तरी पोट बाहेर यायला बघतं. मारितचा भाऊ येऊन कोरडं बिस्किट ठेवून जायचा. उठून बसता यायला लागलं तेव्हा बाहेर नुसतं धुकं. त्या धुक्यात मी काम सुरू केलं.

पहिली कॅसेट मारितला दाखवली. ती बघत राहिली, मग म्हणाली, "सगळे असे रांगेत का उभे आहेत?"

मी नीट बघितलं आणि मला घाम फुटला. मी कॅमेरा लावला की हात हलवून 'इकडं बघा, जरा जवळ या' म्हणत होते. पक्षीवाले दोघं बिचारे दुर्बिणी खाली करून, खांद्याला खांदा लावून, माझ्याकडं बघून हसत होते. मारित सुकाणूच्या चाकाशी वधूसारखी ताठ. सगळी कॅसेट रिसेप्शनची. फक्त स्टेज आणि पाकिटं नव्हती.

ती कॅसेट बाजूला ठेवली. मग वाट बघायला शिकले. कॅमेरा गुलाबी आवरणात डेकवरच असायचा, मारितनं सांगितल्यासारखा. माणसं आपलं काम करायची, मी आपलं. असं करत एका सकाळी पहिला बर्फ आला. मोठा डोंगर वगैरे नाही. आधी पाण्यावर साय धरल्यासारखं झालं, मग बोटीच्या कडेला खरवडल्याचा आवाज. पांढऱ्या तुकड्यांच्या मध्ये काळं पाणी, आणि त्यावर शेकडो पक्षी. मला कोणाला 'इकडं बघा' म्हणावंसं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र जमेना. निवेदन. मुंबईच्या बाईंना तर मी नाही म्हणून आले होते, पण आता बोलायचं कुणी? केबिनमध्ये एकटी बसून मी रोज रेकॉर्ड करायचे. 'अथांग हिमसागराच्या कुशीत...' असं काहीतरी तोंडातनं यायचं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उभी असल्यासारखा आवाज. ऐकलं की मीच पुसून टाकायचे. साधं बोलायला गेले की त्या बाईंचं हसणं कानात यायचं. 'स्वच्छ भाषा.' मग तेही पुसायचे. परतीचे दिवस जवळ यायला लागले, चित्रांच्या कॅसेट भरत गेल्या, आणि माझा म्हणून एक शब्द त्यात नव्हता. ह्याच्यासाठी पैसे नाकारले होते. निवेदन जमलं नाही तर मी नुसती फुकटात शूटिंग करून आलेली होणार होते.

लाँगइयरब्येन

बेटांवरचं हे मोठं गाव. एकही झाड नाही. घराच्या बाहेर सायकली असाव्यात तशा बर्फावरच्या गाड्या लावलेल्या. गावाबाहेर पडायचं तर अस्वलासाठी बंदूक न्यावी लागते, आणि किराणा दुकानाच्या दारावर पाटी असते की बंदूक आत आणू नये. हॉटेलात, संग्रहालयातसुद्धा बूट बाहेर काढून जायचं. खाणीतल्या कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून पडलेली चाल, ती खाणी मंदावल्या तरी टिकून आहे. आमच्याकडं उंबऱ्याबाहेर चपला निघतात, पण हॉटेलात कोण काढतंय! मोजे फाटके नाहीत ना हे बघत मी पूर्ण गाव फिरले.

कोळशाची वस्ती

शेवटचा मुक्काम खाडीच्या पलीकडं, रशियन लोकांच्या एका खाण वस्तीत. धक्क्यापासनं वर लाकडी पायऱ्या, दोन्ही बाजूला काळे ढिगारे. मारितच्या तिथं ओळखी होत्या. तिनं मला एका काचेच्या लांब खोलीत नेलं.

दारातच मी थांबले. मातीचा वास आला. कित्येक दिवसांत आला नव्हता. कॅमेरा आधीच पिशवीत हवाबंद केला होता, तो तसाच मारितच्या हातात दिला; गरम हवेत तो ऊब धरेपर्यंत वाट बघणं आता अंगात भिनलं होतं. आत वाफ्यांत टोमॅटो आणि काकड्या. वेल दोरीला बांधून वर चढवलेले. गाल्या नावाची जाडजूड बाई डोक्याला फडकं बांधून खाली बसून माती भुसभुशीत करत होती. मारितनं मोडक्या रशियनमध्ये विचारून मला सांगितलं की ही माती इथली नाही. बोटीनं आणलीय, पोती भरभरून.

मी खाली बसले आणि हातात माती घेतली. आमच्या कोडोलीच्या मातीपेक्षा काळी, हलकी. गाल्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि तिला काय कळायचं ते कळलं. तिनं एक खुरपं मला दिलं. बराच वेळ आम्ही दोघी शेजारी शेजारी माती उकरत होतो.

मग तिनं वेलाची एक काकडी तोडून माझ्यापुढं धरली. मी सवयीनं टोक कापलं आणि कापल्या जागी ते टोक घासायला लागले. गाल्यानं कमरेवर हात ठेवले. हे काय चाललंय, असा चेहरा.

"अवो, कडूपणा निघतोय ह्यानं," मी म्हणाले. कुठल्या भाषेत बोलावं ह्याचा विचारसुद्धा केला नाही. "आमच्यात असंच करत्यात. टोक कापायचं, घासायचं, पांढरा फेस आला की टाकून द्यायचा. न्हाईतर सगळी काकडी कडू. बघा, आला का फेस? आला का न्हाई?"

गाल्या रशियनमध्ये तावातावानं बोलायला लागली. माझ्या हातातनं काकडी घेतली आणि दुसऱ्या टोकावर बोट आपटलं. तिच्या मते हे सगळं उलट्या बाजूनं करायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "त्या टोकाला न्हाई वो, देठाला. देठाला असतोय कडूपणा. शेती कुणी केलीय, तुम्ही का मी?" ती हसत सुटली. तिनं दुसरी काकडी तोडली, आपल्या बाजूनं कापली. आम्ही एकमेकींच्या काकड्या चाखत भांडत होतो. एक शब्द कुणाचा कुणाला कळत नव्हता आणि दोघींचं म्हणणं पूर्ण कळत होतं.

मागं वळले तर मारित वाफ्यापलीकडं उभी. पिशवी तिच्या पायाशी पडलेली, कॅमेरा डोळ्याला, आणि वर लाल दिवा लागलेला.

"किती वेळ?" मी विचारलं.

"कॅमेरा गरम झाला आणि तू काकडी हातात घेतलीस तेव्हापासून," ती म्हणाली. "तू अशी बोलतेस हे मला माहीत नव्हतं."

परतीच्या वाटेवर मी केबिनमध्ये माइक काढला. एकही ओळ लिहून घेतली नाही. मिलिंद समोर बसलाय आणि मी त्याला दिवसभराचं सांगतेय, तसं बोलत गेले. पुसलं काही नाही.

कोल्हापुरात पोचले तेव्हा भाचीचं लग्न होऊन गेलं होतं. बापूंनी ते चांगलं काढलंय. वंदनेच्या वेळी कॅमेरा एकदाही हललेला नाही. आई त्या कॅसेटचं कौतुक करते, माझ्याशी अजून जरा तोडूनच बोलते. मी ते खाली मान घालून ऐकते.

माहितीपट गाल्याच्या काचेच्या खोलीपासून सुरू होतो. पडद्यावर आधी काचेवरच्या उरल्यासुरल्या वाफेनं नुसता हिरवा धूसर रंग दिसतो, मग काकडी धरलेले मातीचे दोन हात. निवेदन म्हणून पहिला आवाज येतो तो माझा, एका रशियन बाईला सांगणारा: "अवो, घासा की जरा जोरात. भिताय काय?"